अफवा नको, खबर द्या

(विहाराच्या वर्धापनदिनी मंगळवेढा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



वर्धापनदिनाला गोड बोलावे अशी रीत आहे. मी आज जरा कडू बोलणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. समितीने मला विषय दिला तो माणसांच्या खरेदी-विक्रीचा. ती ओळखायची कशी आणि तिची खबर द्यायची कुठे, एवढेच मला सांगायचे आहे. मी काही वकील नाही. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आता निवृत्त आहे. जे वाचले, विचारून घेतले आणि डोळ्यांनी पाहिले ते सांगते.

सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षुकीसाठी फिरत फिरत तिथे गेले होते. पाचांपैकी बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप त्या भागात मोबाईलवर फिरत होता. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथेच ठेचून मारले. पाचही जण गेले. त्यांनी कुणाचेही मूल चोरलेले नव्हते.

आपल्या तालुक्यातल्या पालांवर पुरुषांची प्रेते आली, बायका उघड्यावर पडल्या. हे सगळे का घडले? तर मुले वाचवायची म्हणून! त्या गर्दीतल्या प्रत्येकाला वाटत असणार, की आपण चांगलेच काम करतो आहोत. आता मी तुम्हाला विचारते, मुलांची खरेदी-विक्री त्या दिवसानंतर थांबली का? नाही. कारण मुले विकणारा माणूस झोळी घेऊन बाजाराच्या दिवशी गावात हिंडत नाही. तो आपल्या घरी चहा प्यायला बसलेला असतो. आपण त्याला मामा म्हणतो, मुकादम म्हणतो, पाहुणे म्हणतो. परक्यावर आपण दगड उचलतो आणि ओळखीच्याला पाट मांडतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचा तपशील आहे, पण तो तपशील नीट ऐका.

माणसांचा अपव्यापार म्हणजे काय? 'विक्री' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाजार येतो. कायदा तसे म्हणत नाही. कायदा तीन गोष्टी बघतो. पहिली, माणसाला कुणी गोळा केले, नेले, लपवून ठेवले, दुसऱ्याच्या हवाली केले किंवा ताब्यात घेतले का? दुसरी, ते कसे केले? धाक दाखवून, फसवून, पळवून, आपल्या हातातल्या सत्तेचा गैरफायदा घेऊन, की पैशाची लालूच देऊन? आणि तिसरी, कशासाठी केले? देह विकायला लावण्यासाठी, गुलामासारखे राबवण्यासाठी, भीक मागायला लावण्यासाठी, की शरीराचा अवयव काढण्यासाठी? या तिन्हींचा मेळ बसला की तो गुन्हा झाला. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ३७० कलमात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो १४३ व्या कलमात आहे. शिक्षा कमीत कमी सात वर्षे सक्तमजुरी. मूल असेल तर कमीत कमी दहा वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत. आणखी एक ध्यानात ठेवा. 'तो आपल्या मर्जीने गेला होता' ही सबब या गुन्ह्यात चालत नाही. फसवून घेतलेल्या संमतीला कायदा संमती मानत नाही.

हा कायदा कुठून आला? त्याचे मूळ आपल्या संविधानात आहे. कलम २३. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना त्या एकाच कलमाने बंदी केली. आता योगायोग बघा. या दोन्ही गोष्टींच्या दोन आठवणी आपल्या मंगळवेढ्यातच आहेत. गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा आणि बरोबरचे मजूर गाडले गेले, इसवी सन १३३८ साली, असे परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती, ते गावकूस बांधायला मात्र ते लागत होते. ही झाली वेठ. आणि दुसरी कान्होपात्रा. गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाने तिला आपल्याकडे पाठवा म्हणून माणसे धाडली. ती गेली नाही. पंढरपुरात तिने प्राण सोडला, पण त्या माणसांच्या हाती लागली नाही. माझ्या देहाचा सौदा दुसऱ्याने करायचा नाही, असेच तिने सांगितले. फक्त तिला ते सांगायला जीव द्यावा लागला. आपल्याला ते सांगायला कलम २३ आहे.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा १९४८ सालचा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत. वतनाच्या नावाखाली महारांकडून जी वेठ घेतली जाई, तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर ठाकरसी सभागृहात त्यांच्यापुढे देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, पोतराज अशी मंडळी जमली होती. हे जिणे सोडा, असे बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या काळी या विषयावर चारचौघांत बोलायला लोक लाजत होते. बाबासाहेब लाजले नाहीत. आणि भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत जिवांचा व्यापार आहे, हे भन्तेजी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले सांगतील. म्हणून हा विषय विहारात नको, असे कुणी म्हणू नये. हा विषय विहारातलाच आहे.

आता हे आपल्या भागात कोणत्या रूपाने येते ते बघू.

पहिले रूप म्हणजे उचल. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडची गावे कोरडवाहू. पाऊस गेला की माणूस बाहेर पडतो. उचल घेऊन कामाला जाणे हा काही गुन्हा नाही. पण उचल फिटेपर्यंत गाव सोडायचे नाही, आजारी पडला तरी कामावर यायचे, हिशेब दाखवायचा नाही, माणूस निघून गेला तर बायको-पोरांना अडकवून ठेवायचे, हे सुरू झाले की ती उचल राहत नाही, ती वेठबिगारी होते. जून २०२३ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात काय घडले ते आठवा. विहिरी खोदायला मजूर नेले होते. दिवसभर विहिरीत राबवायचे आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधायचे. त्यांच्यातला एक निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला आणि त्याने तिथल्या पोलिसांना सांगितले. तिथून निरोप इकडे आला, ढोकी पोलिसांनी जाऊन अकरा मजुरांना सोडवले. एका माणसाने तोंड उघडले, अकरा सुटले. आणि हे लक्षात घ्या, गुन्हा एका जिल्ह्यातला आणि खबर दिली दुसऱ्या जिल्ह्यात. तरी चालले.

दुसरे रूप लहान मुलांचे. २०२२ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या उभाडे गावची कातकरी समाजाची एक दहा वर्षांची मुलगी मेली. तिला मेंढ्या राखायला दुसऱ्या जिल्ह्यात दिले होते. तपास सुरू झाला तेव्हा अशी आणखी मुले निघाली. कुणाच्या बदल्यात एखादी मेंढी आणि थोडे पैसे. आईबाप काही राक्षस नव्हते, उपाशी होते. पोरगं निदान पोटभर जेवेल, असे त्यांना सांगितले होते.

तिसरे रूप नोकरीचे. शहरात घरकामाला, हॉटेलात, ब्यूटी पार्लरमध्ये लावतो म्हणून मुलगी नेतात आणि कुंटणखान्यात पोचवतात, हे जुनेच आहे. आता शिकलेली मुलेही यात सापडायला लागली. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी आहे म्हणून नेले आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये कोंडले. तिथे दिवसरात्र फोनवरून लोकांना गंडा घालायला लावायचे, नाही म्हटले तर मारहाण. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी अशा साठपेक्षा जास्त भारतीयांना सोडवून आणले. म्हणजे पदवी असली म्हणून माणूस यातून सुटला असे नाही.

चौथे रूप लग्नाचे. याबद्दल मला स्वतःचे सांगायचे आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. सातवीत. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि ती आली नाही. मी रोज हजेरी घ्यायची, नाव पुकारायची, पोरी एकमेकींकडे बघायच्या. एक दिवस तिच्या शेजारी बसणारी म्हणाली, "बाई, तिचं लगीन झालं. लांब दिली. तिकडची भाषा वेगळी हाय म्हणं." मी घरी गेले. आई चुलीपुढे बसलेली, मान वर करीना. बाप म्हणाला, "पाहुणं चांगलं हायत बाई. एक पैसा हुंडा घेतला नाही, उलट लग्नाचा खर्च त्यांनीच दिला." दारात नवीन पत्रे येऊन पडले होते. मला समजले नाही असे नाही. मला समजले होते. पण मी म्हणाले, आपण कशाला बोलायचे, गावात राहायचे आहे. शाळेत आले आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असे लिहिले. माझ्याच हाताने.

ती कुठे आहे हे आजपर्यंत कुणाला कळलेले नाही. आई गेली, बाप गेला. मी तेव्हा पोलिसांत एक कागद दिला असता तर काय झाले असते, सांगता येत नाही. पण मी दिला नाही. म्हणून आता जिथे बोलावतील तिथे जाऊन बोलते.

बायांनो, तुम्हाला सांगते, अठराच्या आतल्या मुलीला विकून किंवा फसवून लावलेले लग्न कायद्याने लग्नच नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या बाराव्या कलमाने ते मुळातच रद्द आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. हुंडा नको, खर्च आमचा, लग्न आठवड्यात, आणि मुलाचा गाव विचारला की नुसते जिल्ह्याचे नाव सांगायचे, अशी सोयरीक आली तर हरखून जाऊ नका. थांबा आणि चौकशी करा.

नवसाच्या नावाने मुलगी सोडणे हेही यातच येते. देवदासी प्रथा बंद करणारा महाराष्ट्राचा २००५ सालचा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला देवदासी म्हणून सोडणे किंवा या समाजाच्या माणसाकडून वेठ घेणे, हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली सुद्धा गुन्हा आहे.

मग ओळखायचे कसे? माणूस आपल्या मर्जीने बाहेर जाऊ शकतो का, ते बघा. त्याचे आधारकार्ड त्याच्याजवळ आहे की मालकाजवळ? मजुरी त्याच्या हातात पडते का? घरच्यांशी फोनवर एकटा बोलू शकतो का, की शेजारी कुणी उभा असतो? काही विचारले की दुसराच उत्तर देतो का? शाळेच्या वेळेत मूल धाब्यावर, भट्टीवर, कुणाच्या घरात राबते का? यातली एक खूण दिसली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे मुळीच नाही. सिद्ध करणे पोलिसांचे आणि कोर्टाचे काम. आपले काम फक्त खबर देण्याचे.

आणि खबर कशी द्यायची, ते नीट लिहून घ्या.

एक. धोका आत्ताच्या आत्ता असेल तर ११२ ला फोन करा. मुलाबद्दल असेल तर १०९८, बाईबद्दल असेल तर १८१. रेल्वेत किंवा स्टेशनावर दिसले तर १३९. वेळ असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जा. जिल्हा पोलिसांकडे या कामासाठी अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, त्याचे नाव घेऊन विचारा.

दोन. सांगताना जे पाहिले तेवढेच सांगा. कधी, कुठे, कोण, किती माणसे, गाडीचा नंबर, फोनचा नंबर, नेताना काय सांगितले होते. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा. आपल्या मनचे एक अक्षर घालू नका. खबर आणि अफवा यांत फरक एवढाच. खबर देणारा माणूस जबाबदारीने एका ठिकाणी सांगतो, अफवा पसरवणारा बिनजबाबदारीने शंभर ठिकाणी.

तीन. स्वतः धाड घालायला जाऊ नका. संशयिताला पकडू नका, मारू नका. एक तर राईनपाडा होतो, नाही तर खरा गुन्हेगार सावध होऊन माणसे रातोरात हलवतो. फोटो मोबाईलवर फिरवू नका. अत्याचार झालेल्या मुलीची, मुलाची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे.

चार. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे ठाण्यात म्हणाले तर हात हलवत परत येऊ नका. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घेऊन पुढे पाठवायचा असतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात तो आहे. नोंदीची प्रत मोफत मागून घ्या. तरीही ऐकले नाही तर पोलीस अधीक्षकांना, आपल्यासाठी सोलापूर ग्रामीणच्या, टपालाने अर्ज पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

पाच. मूल हरवले तर 'चोवीस तास थांबा' हे खरे नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा ताबडतोब नोंदवायचा आणि पळवले असावे असे धरूनच तपास करायचा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. नातेवाईकांकडे शोधण्यात ते घालवू नका. शोध आणि तक्रार दोन्ही बरोबर चालू द्या.

सहा. वेठबिगारीची खबर तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांनाही देता येते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराचे कर्ज संपते. ते फेडायचे राहत नाही. सुटलेल्या माणसाला मुक्तता प्रमाणपत्र मिळते. ते मागून घ्या, कारण पुनर्वसनाची मदत त्या कागदावर मिळते. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला एक लाख, बाई-मुलांना दोन लाख आणि अपव्यापारासारख्या गंभीर प्रकारात तीन लाख अशी तरतूद केली आहे.

सात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात, कलम २३ मधल्या अपव्यापाराला आणि वेठीला बळी पडलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क नाव घेऊन दिला आहे.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. मुलगी परत आली तर आपण काय करतो? तिच्याकडे बघून कुजबुजतो. तिच्या बहिणीची सोयरीक मोडते. आई म्हणते, त्यापेक्षा मेली असती तर बरे. हे ऐकूनच कितीतरी आईबाप ठाण्याची पायरी चढत नाहीत. विकणाऱ्याला पोलिसांची भीती फारशी वाटत नाही. आपली लाज त्याला पुरते, तिच्याच जोरावर त्याचा धंदा चालतो. म्हणून लाज त्याच्या दारात नेऊन टाका. आलेल्या मुलीला विहारात बोलवा, वंदनेला शेजारी बसवा, शाळेत पुन्हा नाव घाला.

समितीला माझी एवढीच विनंती आहे. मी सांगितलेले नंबर विहाराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहा. हंगामाला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची एका वहीत नोंद ठेवा. कोण गेले, कुणाबरोबर गेले, कुठे गेले, मुकादमाचा फोन काय, आणि बरोबर मुले किती. पंधरा दिवसांनी एकाने तरी फोन करून विचारायचे, 'खुशाल आहात ना?' आणि आपल्या दारात भिक्षेकरी आला, डवरी गोसावी आला, तर त्याला पाणी द्या, कुठला म्हणून विचारा. तो आपल्याच तालुक्यातला असेल.

मी तीस वर्षे हजेरी घेतली. हजेरी म्हणजे काय, तर आपले माणूस आज आहे का, एवढे रोज विचारणे. त्या एका मुलीबाबत मी विचारायचे थांबवले. तुम्ही थांबवू नका.